साप पाळायचाय? आधी फ्रीझरचं बोलून घ्या

साप आणायचा का, यावर आमच्या ओळखीच्या मराठी घरांत जी चर्चा होते ती सगळी भीतीभोवती फिरते. चावेल का, विळखा घालेल का, रात्री सुटून अंथरुणात येईल का. माझं मत विचाराल तर भीती हा फार लहान प्रश्न आहे, ती थोड्या दिवसांत आपोआप विरते. घरात साप नीट जगतो की नाही हे दोन गोष्टींवर ठरतं. मेलेले उंदीर कुठल्या फ्रीझरमध्ये राहणार, आणि जानेवारीत पहाटे घर तापवणारा बॉयलर बंद असताना त्याच्या पेटीत तापमान किती असणार. याची उत्तरं घरातल्या मोठ्यांकडे असतील तर साप सांभाळायला कुत्र्यामांजरापेक्षा सोपा. नसतील तर मुलांनी कितीही हट्ट धरला तरी सरळ नाही म्हणा.

मी मूळची शिराळा तालुक्यातली, त्यामुळे नाग मला नवीन नाहीत. उच्च न्यायालयाची बंदी येण्याआधी नागपंचमीला गल्लीगल्लीतून जिवंत नाग फिरायचे, ते मी लहानपणी पाहिलंय. पण त्या अनुभवाचा इथे इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये कॉर्न स्नेक सांभाळताना काही म्हणता काही उपयोग झाला नाही. आमची केशर (नाव मुलीने ठेवलं, रंगावरून) आता पूर्ण वाढलेली आहे. तिच्यामुळे ओळखीतले बरेच जण मला फोन करतात. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

कायदा बघा, मग दुकान

भारतात राहून हे वाचत असाल तर आपल्या रानातला साप घरी ठेवायचा विचार सोडून द्या. धामण असो, अजगर असो की मांडूळ, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली पकडणं, पाळणं, विकणं सगळं गुन्हा आहे. सर्पमित्रसुद्धा पकडलेला साप पाळत नाहीत, निसर्गात सोडतात. बॉल पायथनसारखे परदेशी साप सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. २०२२ च्या कायदादुरुस्तीनंतर असा जीव घरी असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. ‘कागद नंतर देतो’ म्हणणाऱ्याकडून काही घेऊ नका.

इंग्लंडमध्ये कॉर्न स्नेक, किंग स्नेक, रॉयल पायथन (म्हणजे बॉल पायथनच) यांना परवाना लागत नाही. विषारी सापांना १९७६ च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली कौन्सिलचा (म्हणजे इथल्या नगरपालिकेचा) परवाना लागतो, पण घरात मुलं असताना तो विषयच नको. २००६ च्या प्राणी कल्याण कायद्यात मात्र आईबापांनी ध्यानात ठेवावं असं एक कलम आहे. सोळा वर्षांखालच्या मुलाला प्राणी विकता येत नाही, आणि मुलाच्या प्राण्याची जबाबदारी कायद्याने पालकाचीच धरली जाते. तेव्हा ‘मुलीचा साप’ असं लाडाने म्हणा, पण साप तुमचा आहे. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची लेखी परवानगीही आधी.

बाकी देशांतल्या मंडळींनी आपापलं बघून घ्या, कारण नियम चक्रावून टाकणारे आहेत. अमेरिकेत जॉर्जियामध्ये कॉर्न स्नेक स्थानिक आहे म्हणून पाळता येत नाही. हवाईत कुठलाच साप चालत नाही, न्यूझीलंडमध्येही नाही. ऑस्ट्रेलियात परवाना काढून तिथले स्थानिक साप पाळता येतात, पण कॉर्न स्नेक नाही. सिंगापूरमध्येही घरी साप ठेवता येत नाही.

कुठला साप

पहिला साप कॉर्न स्नेक असावा, यावर मी ठाम आहे. मूळ अमेरिकेच्या आग्नेय भागातला, बिनविषारी, धामण आणि तस्कर यांच्याच कुळातला. ज्यांनी कोकणात तस्कर पाहिलाय त्यांना चण ओळखीची वाटेल. पूर्ण वाढ साधारण चार-पाच फूट, जाडी बेताची, हातात घेतल्यावर सतत पुढे सरकत राहतो पण आवळत नाही. खायला सहसा नखरे नाहीत. आयुष्य पंधरा ते वीस वर्षं, आणि हा आकडा घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणा. आज पाचवीत असलेली मुलगी शिकून नोकरीला लागेल तेव्हाही पेटी तुमच्याच हॉलमध्ये असेल.

दुकानात गेलात की रॉयल पायथन समोर येईल. दिसायला देखणा, शांत, हातात गोळा होऊन बसणारा. पण पहिल्या घरासाठी मी त्याच्या बाजूची नाही. त्याला हवेत ओल जास्त लागते, जगतो वीस-तीस वर्षं, आणि मनात आलं तर महिनोन्महिने खात नाही. अनुभवी माणूस ‘खाईल’ म्हणून गप्प बसतो, नवखं घर मात्र रडकुंडीला येतं. त्यातही ‘स्पायडर’ नावाचा नक्षीचा प्रकार कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. त्या नक्षीच्या जनुकाबरोबरच मान डोलण्याचा, तोल जाण्याचा मज्जासंस्थेचा दोष येतो. बोआ मोठा होतो, सहा फुटांच्या पुढे सहज. होणार नाही असं कोणी म्हणालं तर त्याच्या घरचा बघून या.

रंगांच्या मागे फार लागू नका. कॉर्न स्नेकमध्ये पांढरे, गुलाबी, करडे असे असंख्य प्रकार मिळतात आणि किंमत रंगावर चढत जाते. साधा नारिंगी-तांबडा सगळ्यांत स्वस्त आणि माझ्या मते सगळ्यांत सुंदर.

उंदीर

आता मूळ मुद्दा. कॉर्न स्नेक उंदीर खातो. भाजी, पनीर, दूध यातलं काही नाही. नाग दूध पितो हे आपण कितीही ऐकलं असलं तरी सापाचं शरीर दुधासाठी नाही. इथे हे उंदीर मारून गोठवलेले, आकारानुसार पाकिटात मिळतात. सापाच्या पिल्लाला उंदराचं नुकतंच जन्मलेलं गुलाबी पिल्लू, मग केस आलेलं, मग उडी मारण्याच्या वयाचं, शेवटी पूर्ण वाढलेला उंदीर. सापाच्या अंगाचा सर्वांत जाड भाग जेवढा, तेवढ्याच किंवा किंचित जास्त जाडीचा उंदीर द्यायचा. पिल्लू पाच ते सात दिवसांनी खातं, मोठा साप दहा ते चौदा दिवसांनी. सुटलेले साप मला अजून कोणाकडे दिसले नाहीत, पण लठ्ठ साप बऱ्याच घरांत दिसले. लाडाने जास्त घालू नका.

आमच्या घरी सासूबाई वर्षातले काही महिने असतात, आणि घर शाकाहारी. मटारच्या पिशवीशेजारी उंदरांचं पाकीट? त्यांनी सापाला हरकत घेतली नव्हती, फ्रीझरला घेतली. मग गॅरेजमध्ये एक छोटा टेबलावरचा फ्रीझर आला आणि त्यांनी अट घातली की उंदराचा चिमटा, वाडगा, फडकं, काही म्हणता काही गॅरेजमधून घरात यायचं नाही. गंमत अशी की इथल्या आरोग्य खात्याचा सल्ला जवळजवळ हाच आहे. सापाच्या खाद्याच्या गोठवलेल्या उंदरांतून साल्मोनेला पसरून २०१५ पासून ब्रिटनमध्ये शेकडो लोक आजारी पडले. गोठवल्याने हा जंतू मरत नाही. म्हणून उंदीर अन्नाशेजारी ठेवू नये, स्वयंपाकघरात वितळवू नये, भांडी वेगळी ठेवावीत. सासूबाई सोवळ्याच्या वाटेने तिथेच पोचल्या, आणि त्यांचं पालन माझ्यापेक्षा कडक आहे.

वितळवायची पद्धत: उंदीर झिपच्या पिशवीत, पिशवी झाकणाच्या वेगळ्या डब्यात, आणि पूर्ण वितळेपर्यंत गॅरेजमध्येच. मधे बोटाने दाबून बघा, पोटात कडक गोळा लागला तर अजून वेळ आहे. अर्धवट गोठलेला उंदीर गेला तर साप तो ओकून टाकतो, आणि ओकल्यावर त्याला परत लगेच खायला देता येत नाही. नंतर पिशवीसकट गरम पाण्यात ठेवून अंग कोमट करा. मायक्रोवेव्ह कधीच नाही, उंदीर फुटतो. शिवाय तो मायक्रोवेव्ह पुन्हा वापरायची इच्छा राहत नाही.

मग लांब चिमट्याने कमरेला धरून पेटीत. केशर आधी काही करत नाही. जीभ आतबाहेर होण्याचा वेग वाढतो, मान मागे जाते, आणि पुढचा क्षण दिसतच नाही. दिसतात ती वेटोळी, मेलेल्याच उंदराला आवळून धरलेली. थोड्या वेळाने वेटोळी सैल होतात, नाकाने चाचपडत ती डोकं शोधते आणि तिथून गिळायला लागते. डावा जबडा पुढे, मग उजवा, मग डावा. शेपटी आत गेली की दोन मोठ्या जांभया देते, जबडे जागेवर बसवायला. आमचा मुलगा इतर वेळी सापाकडे ढुंकून बघत नाही, पण या जांभयांसाठी हजर असतो.

जिवंत उंदीर टाकू नका. दया बाजूला ठेवली तरी कोंडलेला उंदीर सापाला चावतो, डोळा फोडू शकतो. आणि हे सगळं वाचताना घरातल्या कोणाचं मन खरंच तयार होत नसेल तर त्यात कमीपणा नाही, साप आणू नका. गेको (एक प्रकारची पाल) पाळा, त्याला किडे चालतात.

नागपंचमीचं विचारतात म्हणून सांगते. आमच्याकडे त्या दिवशी चिरणं, तवा ठेवणं नाही, दिंडं उकडतात. उंदराची पाळी त्या दिवशी आली तर एक दिवस पुढे ढकलते, सापाला काही फरक पडत नाही. पूजा पाटावर गंधाने काढलेल्या नागाची. हळदकुंकू, दूध, लाह्या यातलं काही पेटीत जायचं नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, कारण कोणीतरी हमखास वाटी घेऊन उभं राहतं.

पेटी आणि ऊब

साप येण्याच्या आधी निदान आठवडाभर पेटी चालू हवी. पूर्ण वाढलेल्या कॉर्न स्नेकला निदान चार फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच लागते. सापाला अंग पूर्ण ताणता यायला हवं, हा हिशेब. इथे सरकत्या काचांची लाकडी पेटी मिळते, ती ऊब धरून ठेवते. काचांना कुलूप घ्याच. कॉर्न स्नेक पळून जाण्यात पटाईत आहे. डोकं गेलं की अंग जातं, आणि दोन काचांमधली फट त्याला पुरते.

साप स्वतः अंग गरम करू शकत नाही. तो गरम जागेतून थंड जागेत ये-जा करून स्वतःचं तापमान सांभाळतो, म्हणून पेटीची एक बाजू गरम आणि दुसरी थंड असावीच लागते. गरम बाजूला २८ ते ३२ अंश सेल्सिअस, थंड बाजूला २२ ते २४, रात्री थोडं उतरलं तरी चालतं. दोन्ही टोकांना प्रोबचा (तारेच्या टोकाला सेन्सर असलेला) डिजिटल थर्मामीटर लावा. पेटीला चिकटवायचा गोल काट्यांचा मिळतो, तो शोभेचा.

पैसे वाचवायचे असतील तर सजावटीत वाचवा, थर्मोस्टॅटमध्ये (ठरल्या तापमानाला हीटर बंद-चालू करणारं यंत्र) नाही. थर्मोस्टॅट नसलेली हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) भलतीच तापते, आणि तापलेल्या जागेवरून साप वेळेवर उठेलच असं नाही, पोट भाजेपर्यंत पडून राहतो. बल्ब किंवा सिरॅमिक हीटर असेल तर त्याला जाळीचं कुंपण हवंच, नाहीतर साप त्याला वेढा घालून बसतो. प्रोब गरम बाजूला नेमका बसवा आणि सुटणार नाही असा बांधा. प्रोब निसटून पाण्याच्या भांड्यात पडला तर थर्मोस्टॅटला वाटतं पेटी गार पडली, आणि तो हीटर बंदच करत नाही.

आत लपायला दोन जागा, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. एकच असेल तर सापाला ऊब आणि सुरक्षितता यातलं एक निवडावं लागतं, आणि तो लपणं निवडतो. पाण्याचं जड भांडं, चढायला फांदी, भरपूर पालापाचोळा, प्लास्टिकची पानंही चालतात. खाली ॲस्पेनच्या लाकडाचा भुसा. देवदार आणि पाइनचा भुसा नको, त्यातल्या तेलांचा त्रास होतो. मंद अतिनील दिव्याचा सल्ला हल्ली देतात, आम्ही लावलाय.

खर्च विचाराल तर साधा साप साठ-सत्तर पौंडांच्या आसपास, आणि पेटी, थर्मोस्टॅट, हीटर सगळं मिळून त्याच्या चार-पाच पट. ‘सापासकट पूर्ण सेट’ म्हणून स्वस्तात मिळतो त्यात बहुधा थर्मोस्टॅटच नसतो.

कुठून आणायचा, काय बघायचं

रेस्क्यू संस्थांना आधी फोन करा. आरएसपीसीए या प्राणिकल्याण संस्थेकडे आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या छोट्या संस्थांकडे कॉर्न स्नेक नेहमी असतात, बहुतेक मुलं कॉलेजला गेल्यावर सोडलेले. मोठा, शांत, नीट खाणारा साप मिळतो आणि पिल्लाची धाकधूक वाचते. पिल्लूच हवं असेल तर पैदास करणाऱ्याकडून, शरद ऋतूत. अंडी उन्हाळ्यात फुटतात आणि चांगला माणूस पिल्लाने काही वेळा गोठवलेला उंदीर खाल्ल्याशिवाय विकत नाही. जेवणाची नोंद मागा. जमलं तर तुमच्यासमोर खाऊ घालायला सांगा.

हातात घेऊन बघा. जीभ बाहेर येते का, डोळे स्वच्छ आहेत का, श्वासाला शिट्टीसारखा आवाज किंवा तोंडाशी फेस नाही ना, गुदद्वार कोरडं आहे ना, पाठीच्या कण्यात गाठ लागत नाही ना. पाण्याच्या भांड्यात बारीक काळे ठिपके तरंगताना दिसले तर त्या गोचिडासारख्या माइट्स आहेत. त्या दुकानातून काहीच घेऊ नका, भुसासुद्धा. आणि साप घ्यायच्या आधी सरपटणारे प्राणी तपासणारा पशुवैद्य शोधून ठेवा, कोपऱ्यावरचा कुत्र्यामांजरांचा डॉक्टर बहुधा ‘आम्ही बघत नाही’ म्हणतो.

पहिले दिवस

आणल्यावर त्याला एकटं सोडा. हात लावू नका, काचेवर टकटक नको, नातेवाइकांना व्हिडिओ कॉल नको. पाच-सात दिवसांनी पहिला उंदीर, आणि दोन-तीनदा नीट खाऊन झाल्यावरच हातात घेणं. मुलांना हे जड जातं. आमच्या मुलीला मी वही दिली: रोजचं दोन्ही बाजूंचं तापमान, खाल्लं का, शी केली का. ती वही पुढे डॉक्टरलाही दाखवता आली.

हातात घेताना वरून झडप घालू नका, वरून येणारा हात म्हणजे त्याच्यासाठी घार. बाजूने, अंगाच्या मधल्या भागाखाली हात सरकवा आणि त्याला चालू द्या. मुलांनी जमिनीवर बसूनच घ्यायचं. गळ्यात नाही. जेवणानंतर दोन दिवस हात नाही. पिल्लू घाबरलं की शेपटी थरथरवतं, घाणेरडा वास सोडतं, क्वचित चावतं. पिल्लाच्या चाव्याला टाचणीइतकं रक्त येतं, साबणाने धुवा, संपलं.

हात धुणं हा मात्र चर्चेचा विषय नाही. सापाला, पेटीला, भांड्याला हात लागला की साबण, प्रत्येक वेळी, लगेच. पाच वर्षांखालच्या मुलांनी सापाला हात लावू नये, गरोदर बायका आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी लांबच राहावं. पेटीचं भांडं सिंकमध्ये धुवायचं नाही. सापाला ओट्यावर, जेवणाच्या टेबलावर सोडायचं नाही. घरात रांगतं बाळ असेल तर दोन-चार वर्षं थांबा, साप कुठे पळून जात नाहीत.

एक दिवस रंग फिका पडेल आणि डोळे दुधी निळे होतील. आंधळा झाला म्हणून फोन करू नका, कात टाकायची तयारी आहे. या दिवसांत त्याला नीट दिसत नाही, तो चिडका असतो, हात लावू नका, खाल्लं नाही तरी चालतं. लपायच्या एका डब्यात ओलं शेवाळ ठेवा. काही दिवसांत डोळे परत स्वच्छ होतात आणि नंतर कात निघते, नाकापासून सुरू होऊन मोज्यासारखी उलटी होत. ती अख्खी निघायला हवी. उचलून उजेडात धरा: दोन डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक गोल खवले असायलाच हवेत, आणि शेपटीचं टोक. डोळ्यावरचा खवला राहिला असेल तर नखाने काढायला जाऊ नका, ओल वाढवा, पुढच्या कातीलाही राहिला तर डॉक्टर.

सुटलाच तर आधी दारं बंद, फटींना टॉवेल. तो ऊब शोधतो. फ्रीजच्या मागे, रेडिएटरच्या पाइपाशी, बॉयलरच्या कपाटात, सोफ्याच्या आत बघा. झोपताना दारांच्या उंबऱ्याशी पीठ भुरभुरून ठेवा, सकाळी रेघ दिसते. आणि शेजाऱ्यांना सांगा, लाजू नका. त्यांना आधी साप आणि मग तुमचा फोन अशा क्रमाने कळायला नको.

भारतवारी

आपल्या लोकांचा हा खास प्रश्न, कारण आपण चार दिवस नाही, दोन-तीन आठवडे जातो. पूर्ण वाढलेला, धडधाकट कॉर्न स्नेक दोन-तीन आठवडे न खाता आरामात राहतो. पाणी आणि ऊब याला मात्र सुट्टी नाही. फ्यूज उडाला, थर्मोस्टॅट बिघडला, तर कोणाला तरी कळलं पाहिजे. शेजारी दोन दिवसांआड येऊन पाणी बदलेल, थर्मामीटरचा फोटो पाठवेल, इतकं पुरतं. उंदीर घालायला त्यांना सांगू नका, तुम्ही निघण्याच्या चार-पाच दिवस आधी एकदा खाऊ घाला म्हणजे पचून, शी होऊन पेटी स्वच्छ करता येते. पिल्लू असेल तर एवढं चालत नाही, त्याला सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बोर्डिंगमध्ये ठेवावं लागतं, आणि डिसेंबरच्या जागा ऑक्टोबरातच भरतात. तिकिटं काढाल त्याच दिवशी तिथेही फोन करा.